साडीगार्ड

पुढचा ब्रेक दाबून धरला आणि गाडी ढकलून पाहिली. हलली नाही. मग मागचा ब्रेक पाहिला. टायर अंगठ्यानं दाबले, दिवे लावून पाहिले, हॉर्न वाजवला, आरसे फिरवले. टाकीवरचे ओरखडे, किंचित वाकलेलं फूटरेस्ट, सायलेन्सरवरचा काळा डाग, सगळ्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढला. गाड्या भाड्यानं देणारी मालकीण, पन्नाशीची ठेंगणी बाई, हाताची घडी घालून माझ्याकडे बघत हसत होती.

सासूबाई दुकानासमोरच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"म्हैस घ्यायला आल्यासारखी बघतेयस," त्या म्हणाल्या. "दात पण बघ."

"भाड्याची गाडी आहे आई. नंतर म्हणतील, हा ओरखडा तुम्हीच पाडला."

"म्हणू दे की. आपण नाही म्हणू."

जाई तेव्हा दहा महिन्यांची होती. थायलंडच्या उत्तरेला, मे होंग सोनच्या डोंगरात, एका छोट्या गावात आम्ही आठवडाभर राहायला गेलो होतो. मी, सारंग, जाई आणि सारंगची आई. बाळ झाल्यावर फिरणं संपतं असं सगळे म्हणत होते, म्हणून मी हट्टानं काढलेली सहल. महिनाभर रात्री जाईला पाजताना एका हातानं मी वाचत होते, परदेशात गाडी भाड्यानं घेताना काय काय पाहायचं ते. कोणाकोणाच्या अनुभवातून बावीस गोष्टींची यादी केली होती. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढला. लायसन्सवर गिअरची मोटरसायकल आहे ना ते पाहिलं. किती ताकदीपर्यंतची गाडी विम्यात बसते, हे विमा कंपनीला दोनदा फोन करून विचारलं. पासपोर्ट कुणाच्या ताब्यात द्यायचा नाही, हे तर यादीत सगळ्यात वर. मालकिणीनं पासपोर्ट मागितला तेव्हा मी झेरॉक्स आणि अनामत पुढं केली. तिनं थोडं तोंड वाकडं केलं आणि घेतली.

आधी तिनं स्कूटर दाखवली होती. पण लांबलचक उतारावर स्कूटरचे ब्रेक तापतात, गिअरची गाडी इंजिनावर उतरवता येते, हेही माझ्या यादीत होतं. शिवाय मी बाबांच्या मोटरसायकलवर शिकलेली. गिअर नसला की मला हात रिकामे वाटतात. म्हणून मी ही निवडली. दीडशे सीसीची, उंच, किडकिडीत, मातीच्या रस्त्यांसाठी बनवलेली. सारंगकडे फक्त स्कूटरचं आणि कारचं लायसन्स, त्यामुळे चालवणार मीच होते. तो खोलीवर जाईजवळ थांबणार होता.

जाई बाटली तोंडाला लावू देत नसे. सव्वानऊला तिला पाजलं आणि निघाले. साडेअकरापर्यंत परत यायचं होतं. गावापासून अठरा किलोमीटरवर डोंगराच्या टोकाला एक बौद्ध विहार होता. तिथून सगळी दरी दिसते, असं आमच्या घरमालकिणीनं हातवारे करून आईंना सांगितलं होतं. त्या सहलीत आईंनी स्वतःहून मागितलेली ती एकच गोष्ट.

बाकी सगळ्याला त्यांचं 'नको' असायचं. धबधब्यावर पायऱ्या आहेत, नको. बाजारात फिरायला नको. बाहेर पडलं की आधी विचारायच्या, संडास कुठाय. मी त्यांच्याशी नीट वागत होते, त्या माझ्याशी नीट वागत होत्या, आणि दोघींच्या मध्ये कायम एक पाहुणा बसल्यासारखं वाटायचं. एक गोष्ट मात्र मला खुपत होती. दहा महिन्यांत त्यांनी जाईला एकदाही उचलून घेतलं नव्हतं. "दे माझ्या मांडीवर," म्हणायच्या. मांडीवर तासभर घेऊन बसायच्या, गाणी म्हणायच्या. पण ती जमिनीवर पडून हात वर करून रडत असली तरी उभ्या राहून मला हाक मारायच्या. मुलगी झाली म्हणून असेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. सारंगला बोलले नव्हते. असल्या गोष्टी बोलून दाखवल्या की खऱ्या होतात.

हेल्मेट घालताना त्यांचा अंबाडा आड आला. त्यांनी काटे काढून पर्समध्ये टाकले, वेणी पाठीवर सोडली आणि हेल्मेट घातलं. साडी सुती, इचलकरंजीची, मोरपिशी. पदर कमरेला खोचलेला.

"आई, दोन्ही बाजूंना पाय टाकून बसा."

"जमायचं नाही."

"पंजाबी ड्रेस आणलाय ना मी तुमच्यासाठी. पाच मिनिटांत बदलून येता येईल."

"तुला घाई आहे ना? मग चल." त्या माझ्या खांद्यावर हात ठेवून डाव्या बाजूला तोंड करून बसल्या. "तीस वर्षं राजदूतच्या मागं अशीच बसलेय. मांडीवर पोर, पोरावर यांची औषधांची पेटी. कधी पडले नाही."

सारंगचे वडील, अण्णा, सांगली जिल्ह्यात सरकारी जनावरांच्या दवाखान्यात होते. गावोगाव जायचे. जाई व्हायच्या दोन वर्षं आधी ते गेले.

रस्ता छान होता. दोन्ही बाजूंना लसणाची शेतं, मग साग, मग नुसता चढ. मी तिसरा गिअर टाकून शांतपणे चालवत होते. आई मागं काही बोलत नव्हत्या. एकदा फक्त म्हणाल्या, "यांच्यापेक्षा बरी चालवतेस." मला इतकं बरं वाटलं की त्या वळणावर मी हॉर्न उगाचच दोनदा वाजवला.

आठ-नऊ किलोमीटर गेल्यावर एक उभं वळण आलं. मी दुसरा, मग पहिला टाकला. गाडी जोर लावून वर चढली आणि मागून फडफड ऐकू आली. मग कापड फाटताना होतो तसा लांब आवाज.

"केतकी," आई म्हणाल्या. हळूच, शेजारच्या खोलीतून हाक मारावी तशा.

गाडी मागून कुणीतरी धरून ठेवल्यासारखी अडली. इंजिन बंद पडलं. खांद्यावरचा त्यांचा हात सुटला. मी दोन्ही ब्रेक दाबले आणि मान वळवून पाहिलं.

निऱ्या चाकात गेल्या होत्या. आऱ्यांतून आत, तिथून साखळीत, साखळीबरोबर दातेरी चक्रावर. तिथं मोरपिशी कापडाचा काळपट गोळा झाला होता. आई सीटवरून खाली घसरल्या होत्या. डावा पाय रस्त्यावर, उजवा गुडघ्यात वाकलेला, मांडी चाकाला टेकलेली. कंबरेपासून चाकापर्यंत साडी दोरखंडासारखी ताणली होती.

"लागलं का?"

"नाही. पण हलता येत नाही."

घरी प्रत्येक मोटरसायकलला मागच्या चाकाशी ती लोखंडी जाळी असते, साडीगार्ड. साखळी पत्र्याच्या डब्यात बंद असते. इतकी वर्षं मी गाड्या चालवल्या, त्या जाळीकडे कधी लक्षही गेलं नव्हतं. या गाडीला जाळी नव्हती, डबाही नव्हता. ज्यांनी याद्या केल्या होत्या त्यांच्यातल्या कुणाच्या मागं साडी नेसलेली सासू बसली नव्हती. आणि मी, जन्मभर साड्या पाहिलेली, बावीस खुणा करून निवांत झाले होते.

"थांबा, मी उतरते," म्हटलं. आणि लक्षात आलं की उतरता येत नाही.

गाडी चढावर. सीट उंच, माझे पाय जेमतेम चवड्यांवर टेकलेले. स्टँड डाव्या बाजूला आणि आईही डाव्याच बाजूला, गाडीला चिकटून. स्टँडवर लावायची तर गाडी डावीकडे कलती करावी लागणार, म्हणजे त्यांच्या अंगावर. ब्रेक सोडला तर गाडी मागं सरणार आणि चाक फिरलं की कापड त्यांना आणखी आत ओढणार. हात मागं नेला तर चाकापर्यंत पोचत नव्हता. मी करू शकत होते ती एकच गोष्ट. गाडी सरळ धरून बसायचं.

मोबाइल खिशातून काढला. रेंज नव्हती. दहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"आई, साडी सोडा."

त्यांनी खोचलेला पदर मुठीत धरला.

"कमरेचं खोचलेलं काढलं की झालं. आत परकर आहे ना? माझा रेनकोट आहे पाठीवरच्या पिशवीत, तो गुंडाळा."

"बघते ओढून," त्या म्हणाल्या आणि चाकातलं कापड दोन्ही हातांनी ओढू लागल्या. तसूभरही निघेना. हाताला वंगण लागलं. ते त्यांनी पदराला पुसलं, मग पदराकडे बघत राहिल्या.

"तसं नाही निघायचं. साखळीत गेलंय ते. तुम्ही त्यातून बाहेर या."

"रस्ता आहे हा."

"कुणी नाहीये रस्त्यावर."

"येईल."

आणि आलंच. खालून एक पिकअप आली, मागच्या हौद्यात कोबीच्या करंड्या. दोघं पुरुष उतरले. एक म्हातारा, एक माझ्या वयाचा. त्यांनी एका नजरेत सगळं ओळखलं. तरुणानं पुढं येऊन गाडीचं हँडल धरलं, मला हातानं 'उतर' म्हणाला. म्हाताऱ्यानं कमरेच्या लाकडी म्यानातून कोयता काढला आणि चाकाशी वाकला.

आई दोन्ही हात मांड्यांवर घट्ट दाबून अंगाची घडी करून बसल्यासारख्या झाल्या. "नको. केतकी, त्यांना सांग, नको. हात लावायचा नाही."

"आई, ते फक्त कापड कापतायत."

"नको म्हटलं ना. जाऊ दे त्यांना."

म्हातारा थबकला. त्यानं आईंच्या तोंडाकडे पाहिलं, मग दोन्ही हात दाखवत मागं सरला. त्या दोघांचं आपसांत काहीतरी बोलणं झालं. तरुणानं हँडल हळूच माझ्या हातात परत दिलं. करंड्यांमागचा एक मोठा दगड आणून त्यानं मागच्या चाकाला लावला आणि दोघं निघून गेले. पिकअप वळण घेऊन वर दिसेनाशी झाली.

मी इतकी चिडले होते की पुढं बघत बोलले.

"तिकडे जाई उपाशी राहील. साडेअकराला ती उठेल आणि रडायला लागेल. सारंग काय करणार? आणि तुम्हाला साडी पडलीय. कोण ओळखतं तुम्हाला इथं? कोण सांगायला जाणार आहे तुमच्या गावात?"

दगडामुळे गाडी आता मागं सरत नव्हती, पण तोल मलाच धरावा लागत होता. पोटऱ्या थरथरत होत्या. खाली, ओटीपोटाच्या खाली, काहीतरी जड ओढल्यासारखं झालं. बाळंतपणानंतर मला ते अधूनमधून व्हायचं. मी श्वास धरून ते जाईपर्यंत थांबले.

"दूध आलंय तुला," आई म्हणाल्या.

टी-शर्टवर दोन ओले डाग पसरत होते. साडेअकराची वाट शरीरानं पाहिली नव्हती. मला एकदम रडू आलं आणि ते दाबायला दोन्ही हात मोकळे नव्हते.

"साडीचं नाही गं," त्या म्हणाल्या. बराच वेळ गेल्यावर. "साडी गेली तर गेली. अशा छप्पन्न आहेत."

"मग काय?"

"तू पुढंच बघ. मागं वळू नकोस. तू बघायला लागलीस की मला बोलता यायचं नाही."

मी पुढं पाहिलं. समोर रस्त्याच्या कडेला पांढरा-काळा कठडा होता.

"अंग बाहेर येतंय माझं," त्या म्हणाल्या. "सारंगच्या वेळेपासून."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. आजीच्या तोंडून हे शब्द मी ऐकले होते, कुणाबद्दल तरी, कुजबुजत, मुलींना बाहेर घालवून.

"गर्भाशय?"

"ते काय म्हणतात ते. बाळंतपणाच्या बाराव्या दिवशी घागर उचलली. त्यानंतर चार-सहा महिन्यांनी कळायला लागलं. उभं राहिलं, काही उचललं, खोकला आला की येतं खाली. आडवं झालं की जातं आत. मी जुन्या लुगड्याच्या धडप्याचा लंगोट बांधते घट्ट, म्हणजे राहतं. आता या ओढण्यात ते सगळं सुटलंय. साडी काढली तर..." त्या थांबल्या. "आणि पाय फाकून बसता येत नाही. म्हणून अशी बसले. तुझ्या ड्रेसला मी नावं ठेवली नाहीत."

"बत्तीस वर्षं?"

"असतील. मोजलीत कोणी."

"अण्णांना माहीत होतं?"

त्या हसल्या. मला ते दिसलं नाही, ऐकू आलं.

"त्यांना काय माहीत नव्हतं? म्हशींचं अंग बाहेर आलं की रात्री-अपरात्री बोलावणं यायचं यांना. कोपरापर्यंत हात धुऊन जायचे, बसवून यायचे. घरी येऊन सांगायचे मला, आज अमक्याची म्हैस वाचवली. मी चहा द्यायची."

"आणि तुम्ही सांगितलं नाहीत."

"काय सांगायचं? म्हैस दूध देते, म्हणून तिच्यासाठी लोक पळत येतात."

कुठंतरी खाली पाणी वाहत होतं, तेवढा आवाज. माझ्या डोक्यात मात्र एकामागून एक कुलपं उघडत होती. धबधब्याच्या पायऱ्या. संडास कुठाय. जमिनीवरून हात वर करणारी जाई आणि तिच्याकडे बघत ताठ उभ्या असलेल्या त्या.

"म्हणून तुम्ही जाईला उचलत नाही," मी म्हटलं.

"उचललं होतं. पहिल्या महिन्यात. तू आंघोळीला गेलेलीस. त्या दिवशी मी मग संध्याकाळपर्यंत उठलेच नाही, आठवतं? तुला वाटलं मी रुसले."

मला आठवलं. मला तसंच वाटलं होतं. मी त्या रात्री सारंगला म्हटलंही होतं, तुझ्या आईला विचार काय बिनसलंय.

"तुला होतं का असं काही?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले. लगेच. विचार न करता.

मी पिशवीतून रेनकोट काढायला गेले तर गाडी डावीकडे झुकली, आई कळवळल्या, मी परत सरळ धरली. दोनदा प्रयत्न केला. मग नाद सोडला. अकरा वाजत आले होते. दोन मोटरसायकली वरून खाली गेल्या, थांबायला लागल्या तर आईंनी हातानं जा म्हटलं. या वेळी मी काही बोलले नाही.

वीसेक मिनिटांनी तीच पिकअप परत आली. तोच तरुण चालवत होता. म्हातारा शेजारी नव्हता. तिथं एक बाई होती, साठीची, काळीसावळी, दात पानानं लाल झालेले, हातात घडी घातलेलं जाडसर लाल कापड. मला वाटलं होतं ते दोघं वैतागून गेले. ते वरच्या गावातून बाईमाणूस आणायला गेले होते.

बाई उतरली, आईंच्या जवळ गेली, आणि त्यांच्या दंडावर हात ठेवून स्वतःच्या भाषेत बोलत राहिली. एक शब्द कळला नाही. तिनं त्या तरुणाला काहीतरी म्हटलं. तो माझ्या गाडीचं हँडल धरून दरीकडे तोंड करून उभा राहिला. मग तिनं घडी उलगडली. ते शिवलेलं, गोल, घेरदार कापड होतं. तिथल्या बायका लुंगीसारखं नेसतात ते. तिनं आधी स्वतःच्या डोक्यावरून ते घालून दाखवलं, काठ दातांत धरला, दोन्ही हात आत घेतले आणि आतल्या आत कपडे बदलत असल्याचा अभिनय केला. मग ते काढून आईंपुढं धरलं.

"अगं बाई," आई म्हणाल्या. "आम्ही नदीवर असंच करायचो. लग्नाआधी."

त्यांनी हेल्मेट काढून मला दिलं. बाईनं कापड त्यांच्या डोक्यावरून खाली सोडलं. आईंनी काठ दातांत धरला. लाल कापडाच्या त्या तंबूत त्यांचे हात हलताना दिसत होते. कितीतरी वेळ. निऱ्या सुटल्या, साडी खाली पडली. पण हात थांबले नाहीत. आतल्या आत त्या काय सारखं करत होत्या, काय घट्ट बांधत होत्या, हे मला ठाऊक होतं. त्या बाईला ठाऊक नव्हतं. किंवा असेलही, कारण तिनं घाई केली नाही, आणि मध्येच एकदा स्वतःच्या कमरेचा सुती पट्टा सोडून काही न बोलता खालून आत दिला.

आई एक पाऊल बाजूला आल्या. चाकात अडकलेली साडी तिथंच राहिली.

मी गाडीवरून उतरले तेव्हा माझे पाय वळले होते. बाईनं पिकअपमधून आणून दिलेल्या कोयत्यानं मी ते कापड कापून काढलं, पट्टी-पट्टीनं. बाई माझ्या टी-शर्टकडे बघून हसली आणि हात आडवे करून बाळ जोजवल्यासारखं केलं. मी मान डोलावली. ती त्या तरुणावर खेकसली, बहुतेक 'लवकर कर' म्हणून, कारण त्यानं लगेच गाडी उचलून हौद्यात करंड्यांशेजारी बांधली.

परत येताना आम्ही तिघी पुढच्या सीटवर दाटीवाटीनं बसलो. आई मध्ये. विहार बघायचा राहिला. बाईनं ते लाल कापड परत घेतलं नाही.

खोलीवर पोचायला सव्वाबारा वाजले. जाईचा आवाज रस्त्यावरूनच येत होता. रडून रडून घोगरा झालेला. सारंगच्या शर्टवर, केसांत, चष्म्यावर केळं. चमचा हातात तसाच. आईंच्या अंगावरचं लाल लुगडं बघून त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"काय झालं? आई, तू हे काय... पडलात का?"

"कुणी पडलं नाही," आई म्हणाल्या. "तू बाहेर जा."

"अगं पण..."

"ती पाजणार आहे. बाहेर जा, दार ओढून घे."

माझं त्यानं कधी ऐकलं नसतं. मी पाजत असले की तो शेजारीच लोळायचा. पण तो गेला. मी पलंगावर टेकून जाईला घेतलं. तिनं तोंड लावलं, दोन घोट घेतले, सोडलं, माझ्याकडे रागानं पाहिलं आणि परत लावलं. तिच्या पापण्यांवर अजून पाणी होतं. तिची मूठ माझ्या गळ्यातल्या मंगळसूत्रात अडकली. मी ती सोडवली नाही.

आई समोरच्या खुर्चीवर बसल्या. वंगणाचे हात धुवायला उठल्या नाहीत.

जाई शांत झाल्यावर मला जाणवलं की मी अजून चवड्यांवर जोर देऊन बसलेय. गाडी धरल्यासारखी. मी पाय सैल सोडले आणि खाली पुन्हा तेच, जड, ओढल्यासारखं.

"आई," मी म्हटलं. "मघाशी मी खोटं बोलले."

"ठाऊक आहे."

"कसं?"

"शिंक आली की तू पाय आवळतेस. जिना चढून आलीस की आधी भिंतीला टेकतेस. जाई तीन महिन्यांची झाली तेव्हापासून बघतेय." त्यांनी हाताकडे पाहिलं, वंगणाच्या रेघांकडे. "माझंही असंच सुरू झालं होतं. तुला विचारीन विचारीन म्हणत होते. पण तुला विचारायचं तर माझं सांगावं लागलं असतं."

"मला वाटलं सगळ्यांना होत असेल. आपोआप जाईल."

"मलाही तसंच वाटलं होतं."

मी जाईला दुसऱ्या बाजूला घेतलं. पुण्याला गेल्यावर डॉक्टरकडे जाते, मी म्हणाले. तुम्हीही चला. त्या म्हणाल्या, माझं आता काय, वय झालं. मी म्हणाले, तुम्ही आलात तरच मी जाईन. त्या तोंड थोडं फिरवून खिडकीकडे बघत राहिल्या आणि त्यांचा खालचा ओठ आत ओढला गेला.

दारावर टकटक झाली.

"आई? मी आत येऊ का?" सारंगचा आवाज. "काय चाललंय तुमचं? कुणी मला सांगेल का?"

आईंनी सारंगला थांब म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. तो हाक मारायचा आणि त्या उठायच्या, हातातलं टाकून, सवयीनं, गुडघ्यावर हात ठेवून. आताही त्यांचे हात गुडघ्यांवर गेले. मग तिथंच राहिले.

"थांब जरा," त्या दाराकडे बघून म्हणाल्या. "आम्ही बोलतोय."